घरच्या पंथाशी पटेनासं झालं तर: तोंड उघडण्याआधी करायची कामं

हे कुणासाठी लिहितेय ते आधी सांगते. तुम्ही अशा घरात वाढलात जिथं समाज म्हणजे नुसता देवधर्म नव्हे. सोयरीक समाज जुळवतो, दुकानाला भांडवल समाजातून येतं, राहती खोली ट्रस्टची असते आणि मयताला खांदा द्यायलाही समाजच येतो. आणि आता तुमच्या आत काहीतरी बदललंय. श्रद्धा उरली नाही, किंवा दुसरीकडे वळली. मनातलं माणूस परधर्माचं आहे. किंवा आपण समलिंगी आहोत हे स्वतःपुरतं पक्कं झालंय. किंवा एवढंच, की डोक्यावर काय घ्यायचं आणि ताटात काय वाढायचं हे दुसऱ्यानं ठरवलेलं आता सोसवत नाही.

अशा वेळी बहुतेक जण एका रात्री घरात सगळं बोलून टाकतात. मन हलकं होतं खरं, पण सकाळी उठल्यावर कळतं की बँकेचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर जातो, दहावीचं प्रमाणपत्र आईच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आता जागेवर नाही. वाळीत टाकलेल्या कुटुंबांबरोबर मी पोलीस ठाण्याचे आणि वकिलांचे बरेच जिने चढले आहे, आणि त्यातून माझं मत असं बनलंय की बोलणं ही शेवटची पायरी. समाज तुम्हाला धरून ठेवतो तो प्रवचनानं नाही, तर जागा, पैसा, जामीनकी, लग्न आणि मयत यांच्या जोरावर. तेवढ्या गोष्टींची सोय आधी लावा, मग हवं तेवढं बोला.

आधी नेमकं काय सुटलंय ते ठरवा

मानणं वेगळं, पाळणं वेगळं आणि समाजात असणं वेगळं. कुणाचं मानणं सुटतं, पण सणाला घरी जेवायला बसायला त्याला आवडतं. कुणाची श्रद्धा पक्की असते, फक्त गुरूंची किंवा पंचांची हुकमत नको असते. यातलं तुमचं काय, ते एका कागदावर लिहून पाहा आणि तो कागद फाडून टाका. कारण पुढची सगळी कामं यावर ठरतात. नुसतं पाळणं नको असेल तर शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेल्यावरच बरंचसं काम होऊन जातं. त्यासाठी कुणाला काही जाहीर करावं लागत नाही.

गप्प राहून आत राहणं हाही निर्णयच आहे. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, त्यांना तुमचं घरभाडं भरायचं नसतं.

आणि नवरा-बायको असाल तर दोघांची चाल एक नसते, हे धरूनच चाला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या त्या आपलं सोवळंओवळं सांभाळूनच, आणि स्वतःचा निर्णय त्यांनी स्वतःच्या वेळेनं घेतला. बायकोला किंवा नवऱ्याला आपल्या वेगानं ओढू नका.

कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, पदवी, आधार, पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, असल्यास जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले आणि लसीकरणाचं कार्ड. लग्न झालेलं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा निकाहनामा.

मूळ कागद एकदम उचलले की घरात लगेच शंका येते. आधी प्रत्येकाचा स्वच्छ फोटो काढून घरात कुणालाच माहीत नसलेल्या नव्या ईमेलवर पाठवा. डिजिलॉकरचं खातं उघडा, कारण तिथं जारी झालेले कागद कायद्यानं मुळाच्या बरोबरीचे धरले जातात. मग मूळ कागद एकेक करून काढा. कॉलेजात पडताळणी आहे, बँकेत केवायसी आहे, ही कारणं चालतात कारण ती खरीही असतात. कागद मैत्रिणीकडे ठेवायचे तर ती समाजाबाहेरची हवी. समाजातली कितीही जिवाभावाची असली तरी तिच्या आईवर दबाव आला की तिचाही नाइलाज होतो.

जातीचे कागद असतील तर ते जिवापाड जपा. वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने दाखले पुढे कधी पडताळणी समितीपुढे लागले, तर भांडण झाल्यावर ते मिळवणं फार जड जातं. काका-आत्यांच्या दाखल्यांच्या प्रती आजच घेऊन ठेवा.

फोन, पैसा, जागा

आधार आणि बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर स्वतःच्या नावानं नवं सिम घ्या, आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, मग बँकेत बदला. क्रम हाच ठेवा. पगार किंवा शिष्यवृत्ती संयुक्त खात्यात जमा होत असेल तर स्वतंत्र खातं उघडा, शक्यतो वेगळ्या बँकेत. समाजाच्या पतसंस्थेतली ठेव मुदत संपेल तशी नूतनीकरण न करता काढून घ्या.

फोनमध्ये लोकेशन कुणाला दिसतंय, घरच्या टॅबवर तुमचं व्हॉट्सॲप उघडं आहे का, जुन्या लॅपटॉपवर तुमचं ईमेल चालू आहे का, हे एका दुपारी बसून तपासा. पासवर्ड बदलायचे ते मात्र निघायच्या दिवशी, कारण आधी बदलले की विचारणा होते.

आता मोठी गोष्ट, समाजाकडून घेतलेलं. बिनव्याजी कर्ज, दुकानाची पागडी, ट्रस्टच्या इमारतीतली खोली, समाजाच्या वसतिगृहातली जागा, शिक्षणासाठी मिळालेली मदत. मुंबईत अशा ट्रस्टच्या चाळी, बागा आणि वाड्या जवळजवळ प्रत्येक समाजाच्या आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी राहणारा आमच्यातलाच असावा अशी अट करारात असते. करार काढून वाचा. तुमच्या कर्जाला कोण जामीन आहे ते बघा, कारण समाजाच्या बैठकीत पहिला ताण तुमच्यावर येत नाही, त्या जामीनदारावर येतो. तो मग रात्री तुमच्या दारात उभा राहतो. शक्य असेल तर समाजाचं कर्ज आधी फेडा, त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं महागडं कर्ज घ्यावं लागलं तरी.

नोकरी समाजातल्याच शेठकडे असेल तर दुसरी शोधल्याशिवाय एक शब्द बोलू नका. अनुभवाचं पत्र संबंध चांगले असतानाच मागून घ्या. हाताशी निदान सहा महिन्यांचा खर्च असावा. भाड्याची खोली, डिपॉझिट आणि एखादं आजारपण धरलं तर त्याहून कमी पैशात ओढाताण होते आणि माणूस केवळ भाड्यासाठी माफी मागायला परत जातो.

वडिलोपार्जित मिळकतीचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. धर्म सोडला किंवा समाजानं बाहेर काढलं म्हणून वारसाहक्क जात नाही. हे १८५० सालीच जातीविषयक अपात्रता निवारणाच्या कायद्यानं सांगितलं होतं. एक खाचखळगा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांचा आपल्या हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीतला हक्क अडतो, वारसा खुला होताना ती मुलं हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. वडिलांनी स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्रानं दुसऱ्याला दिली, तर तिथं हा हक्क कामाला येत नाही. गोव्यातल्या वाचकांची स्थिती बरी आहे. तिथल्या नागरी कायद्यानं मुलांसाठी निम्मी मिळकत राखीव असते, आणि कायद्यात मोजून दिलेल्या कारणांशिवाय आई-वडील ती काढून घेऊ शकत नाहीत.

समाजाबाहेरचं एक माणूस

सगळ्या जगाला सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सांगून ठेवा. ते वयानं थोडं मोठं, स्वतःचं घर असलेलं आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारं असावं. कॉलेजातल्या बाई, जुन्या नोकरीतले साहेब, मैत्रिणीची आई. त्यांच्याशी एक साधा शब्द ठरवा. तो शब्द मेसेजमध्ये आला की त्यांनी ११२ वर फोन करायचा.

मनावरचा ताण हाताबाहेर जात असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. समलिंगी किंवा पारलिंगी असाल तर मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तिथून वकील मोफत मिळतो. ही गोष्ट शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते.

कागदावरचा धर्म बदलावा का?

माझं ऐकाल तर घाईनं नाही. लोकांना वाटतं की राजपत्रात छापून आल्याशिवाय आपलं म्हणणं खरं ठरत नाही. तसं काही नसतं.

मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की कोणताही सरकारी अर्ज भरताना धर्म सांगण्याची सक्ती करता येणार नाही आणि 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणण्याचाही माणसाला हक्क आहे. याचिका करणाऱ्यांना राजपत्रात तशी नोंद करून हवी होती, शासकीय मुद्रणालयानं नकार दिला होता, त्यावरून हा निकाल आला. तेव्हा रकाना कोरा ठेवायचा किंवा 'नाही' लिहायचं असेल तर लिहा. खिडकीवरचा कारकून हुज्जत घालेल, पण निकालाची प्रत पिशवीत असली की हुज्जत लवकर मिटते.

पण तुम्ही अनुसूचित जातीतले असाल तर राजपत्राकडे पाऊल टाकण्याआधी वकिलाला भेटा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. शीख त्यात १९५६ मध्ये आले आणि बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झाल्याची नोंद झाली की दाखला जातो, त्याबरोबर शिष्यवृत्ती आणि नोकरीही धोक्यात येते. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही.

नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर ते निराळं काम आहे आणि सोपं आहे. राजपत्रात जाहिरात द्या, मग आधार, पॅन, बँक या क्रमानं बदलत जा. फक्त शैक्षणिक प्रमाणपत्रांवर जुनंच नाव राहील हे ध्यानात घेऊन राजपत्राच्या चार-सहा प्रती काढून ठेवा.

आता बोलायचं

एकट्या आईला आधी सांगावं, असा बहुतेकांचा कल असतो. नीट विचार करा. आईला सांगितलं की तिच्यावर दोन ओझी पडतात, तुमचं गुपित सांभाळणं आणि नंतर 'तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस' हे ऐकून घेणं. काही घरांत थोरली बहीण किंवा मामा ही जास्त बरी जागा असते.

बोलताना धर्मावर वाद घालू नका. तुम्ही ग्रंथांतून दाखले काढाल, ते तुमच्यापेक्षा जास्त पाठांतर असलेला माणूस घेऊन येतील. त्या बैठका महिनोन्‌महिने चालतात, आणि त्या चालू आहेत तोवर तुम्ही आतच आहात असा त्याचा अर्थ निघतो. आपल्यापुरतं बोला. 'आई, मला आता यात राहवत नाही. मी तुम्हाला सोडून चालले नाहीये. दर रविवारी फोन करीन.' याच्या पुढं कारणं मागितली तरी हेच पुन्हा सांगा.

काका किंवा समाजातले वडीलधारे समजवायला येतील. त्यांचा मान ठेवा, चहा द्या, उठताना 'काका, तुम्ही बोललात ते ऐकलं, विचार करीन' एवढंच म्हणा. वचन देऊ नका. शपथ घेऊ नका. कुठल्याही कागदावर सही करू नका, आजारी आजीची शेवटची इच्छा म्हणून पुढं केलेल्या कागदावर तर नाहीच.

तुम्ही सज्ञान आहात आणि घर सोडलंय, तर घरचे बेपत्ता झाल्याची तक्रार देणार हे जवळपास ठरलेलं. म्हणून निघतानाच एक अर्ज लिहा. मी अमुक, वय अमुक, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलंय, माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, कुणी तक्रार दिली तर माझा जबाब घ्यावा. खाली सही, तारीख, आधारची प्रत. घरच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या कार्यालयाला तो ईमेलनं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती फेकू नका. फोन आला तर जबाब द्यायला जा, पण वकिलाबरोबर किंवा त्या एका माणसाबरोबर, आणि तुम्ही आता राहता त्या हद्दीतल्या ठाण्यात जबाब घ्यावा अशी विनंती करा. पोलिसांनी 'एकदा घरी जाऊन या' म्हटलं तर सज्ञान माणसावर तशी सक्ती नाही.

निघता येत नसेल, कोंडून ठेवलं असेल किंवा मारहाण होत असेल, तर ११२. बाईसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध आहे असा समज आहे, तो चुकीचा. अविवाहित मुलगीही वडील-भावांविरुद्ध त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. अठराच्या आतली मुलं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी १०९८.

लग्न परधर्मात असेल तर

विशेष विवाह कायदा, १९५४. कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एक जण निदान तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते झालं पाहिजे, नाही तर सगळं पुन्हा.

घात होतो तो नोटिशीत. ती कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या अधिकाऱ्याकडेही प्रत जाते. म्हणजे पुण्यात नोटीस दिली तरी गावाकडच्या फलकावर नाव झळकतं. म्हणून आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण ती वय, आधीचं लग्न, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नातं एवढ्याच मुद्द्यांवर. 'मुलगी आमच्या समाजाची आहे' ही हरकत नव्हे. जिवाची भीती असेल तर नोटीस देतानाच पोलीस संरक्षणाचा अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष असावा आणि राज्यांनी सुरक्षित निवाऱ्याचा विचार करावा असं सांगितलंय, त्याचा उल्लेख अर्जात करा. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन एकत्र कुटुंबातल्या माणसाचं या चार धर्मांबाहेरच्या माणसाशी या कायद्यानं लग्न झालं की तो कायद्यानं त्या कुटुंबातून विभक्त धरला जातो. हे फार जणांना नंतर कळतं.

वाळीत टाकलं तर

सुरुवात क्वचितच जाहीर असते. गिरणीवाला म्हणतो दळण उद्या आणा, आणि तो उद्या येत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारपर्यंत येतं आणि तुमचं दार टाळून पुढं जातं. व्हॉट्सॲपच्या गटातून नाव निघतं. चुलतभाऊ रस्त्यात दिसला की दुकानात शिरतो, कारण तुमच्याशी बोलणाऱ्यालाही दंड असतो. रायगडच्या गावक्यांमधून आलेल्या तक्रारी अशाच असायच्या. जातपंचायतींच्या बाबतीत अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं २०१३ पासून मूठमाती अभियान चालवलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. पुढं या सगळ्या रेट्यातून महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. विधिमंडळात तो २०१६ मध्ये मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू आहे.

त्यातला 'समाज' म्हणजे फक्त जात नव्हे, धर्म आणि पंथही त्यात येतो. मयत-लग्नाला येऊ न देणं, संबंध तोडायला लावणं, समाजमंदिर किंवा स्मशान-कबरस्तान वापरू न देणं, ठरावीक पोशाखाची किंवा भाषेची सक्ती, नैतिकता किंवा लैंगिकता अशा कारणांवरून भेदभाव, हे सगळं बहिष्कारात मोडतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे, त्यामुळे अटक झाली तरी माणसं संध्याकाळी घरी परत येतात. तक्रार देण्याआधी त्या संध्याकाळची तयारी करा, कुठं झोपणार हेसुद्धा.

तक्रार पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरातलं कुणीही देऊ शकतं, पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ठाणेदारानं 'हा तुमचा घरगुती मामला' म्हणून परत पाठवलं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, मग तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पाठवा, मग न्यायालय. बैठक भरणार असल्याचं आधी कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, बहिष्कारासाठी भरणारी सभा त्यांना रोखता येते.

पुरावा हीच खरी अडचण. बहिष्काराचा ठराव कुणी कागदावर करत नाही, दंडाची पावती कुणी फाडत नाही. म्हणून एक साधी वही करा. तारीख, वेळ, कोण, काय शब्द, समोर कोण होतं. 'किराणावाल्यानं साखर दिली नाही' इतकं बारीकही लिहा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका आणि तो फोनही विकू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं. लग्नाची पत्रिका सगळ्या भावकीला आली आणि तुम्हाला नाही, तर भावकीतल्या एखाद्या कनवाळू माणसाकडून तिचा फोटो मिळवा.

एका मर्यादेची कल्पना असू द्या. दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूंशी निष्ठेची मिसाक म्हणजे शपथ असते आणि बऱ्याच गोष्टींना रजा म्हणजे परवानगी लागते. समाजाबाहेर काढण्याला बंदी करणारा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा तेव्हाच्या सय्यदनांनी, म्हणजे या समाजाच्या धर्मगुरूंनी, आव्हान दिल्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतानं रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून समाजाबाहेर काढणं हा पंथाच्या धार्मिक बाबींचाच भाग आहे, असं बहुमत होतं. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. सुधारकांनी त्या निकालाविरुद्ध १९८६ मध्ये याचिका केली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. तेव्हा तक्रार लिहिताना 'मला प्रार्थनेला येऊ देत नाहीत' यावर भर देण्यापेक्षा दुकान, दळण, नातेवाइकांवरची बोलण्याची बंदी, नोकरीवरून काढणं यांवर भर द्या. धार्मिक अधिकाराच्या वादात केस अडकवायची की नाही, हे मात्र वकिलाबरोबर ठरवा.

मयताची सोय

तरुण वाचक हे वगळतात. वगळू नका, कारण पन्नाशीतला तुमचा बाप तुमच्यासाठी गप्प बसतो तो याच भीतीनं: माझी माती कुठं होणार?

महापालिकेची विद्युत आणि गॅसदाहिनी कुणाचीही जात-धर्म विचारत नाही. मुस्लिम सुधारक हमीद दलवाईंनी कुठलेही धार्मिक विधी न करता दहन करावं असं लिहून ठेवलं होतं, १९७७ मध्ये मुंबईच्या चंदनवाडीत तसंच झालं. पारशी समाजात दोखम्याऐवजी, म्हणजे देह उघड्यावर ठेवायच्या मनोऱ्याऐवजी, दहन निवडणाऱ्यांना प्रार्थनेला जागा मिळत नसे, त्यांच्यासाठी वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ मध्ये प्रार्थनागृह सुरू झालं. परधर्मात लग्न केलेल्या पारशी बाईला आई-वडिलांच्या अंत्यविधीला तरी जाता यावं, एवढ्यासाठी वलसाडची केस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या ट्रस्टनं ते मान्य केलं.

मृत्युपत्रात इच्छा लिहा, दोन साक्षीदार घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. मृत्युपत्र बहुतेक वेळा सगळं उरकल्यावर उघडलं जातं. अंत्यविधीबद्दलचं वेगळं पत्र त्या एका माणसाकडे द्या. देहदान करायचं असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म भरा, आणि घरातल्या निदान एका नातेवाइकाला त्यासाठी राजी करा. मृत्यूनंतर कळवणारं कुणी नसेल तर फॉर्म ड्रॉवरमध्येच राहतो.

समेटाचा निरोप आला तर

येतो. वर्षानं, दोन वर्षांनी, कुणाच्या तरी लग्नाच्या आधी. बहुतेकदा निरोप घेऊन येणारा माणूस चांगला असतो. त्याला विचारा की अटी काय आहेत, आणि त्या लेखी द्या म्हणा. लेखी द्यायला तयार नसतील तर समेट नव्हे, नुसती वरात आहे. दंड, माफीनामा, बायकोनं किंवा नवऱ्यानं धर्म बदलावा, मुलांची नावं बदलावी, या अटी असतील तर तिथंच नाही म्हणा.

केस चालू असेल तर बाहेरच्या बाहेर मागे घेऊ नका. बहिष्काराच्या कायद्यात तडजोडीची वाट आहे, पण ती पीडिताच्या संमतीनं आणि कोर्टाच्या परवानगीनं, आणि कोर्ट आरोपींना सामाजिक सेवेची अट घालू शकतं. जे ठरेल ते कोर्टासमोर नोंदवून घ्या. आई-बाबांना भेटायला जाणं, सणाला घरी जेवणं यासाठी मात्र समाजाशी समेट व्हायची वाट बघायची गरज नाही. बाबा गॅलरीत उभे राहून बोलणार असतील तर खाली रस्त्यावर उभं राहून बोला. त्यांना उतरायचं असेल तेव्हा उतरतील.

गावी गेलात तर परतीचं तिकीट आधी काढा, मूळ कागदपत्रं बरोबर नेऊ नका, आणि पोचल्यावर त्या एका माणसाला मेसेज करा.